दाह, रक्तवाहिनीचं अस्तर आणि वनस्पतींची रसायनं : एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझी सहा महिन्यांची मेहनत एका रिकाम्या रांगेमुळे वाया गेली. निदान तेव्हा तरी तसंच वाटलं.

झालं असं की, मी माणसाच्या त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींवर एका वनस्पतीच्या अर्काचा दाहशामक परिणाम तपासत होते. या पेशींना टीएनएफ-अल्फा दिला की त्यांच्या पृष्ठभागावर आयकॅम-१ नावाचं प्रथिन वाढतं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला धरून तिथे चिकटतात. माझा अर्क आधी दिला तर आयकॅम-१ वाढत नव्हतं. आलेख अगदी देखणा येत होता. पेशी जिवंत आहेत ना, हे पाहायला एमटीटी चाचणीही केली होती. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचा जांभळा रंग करतात. रंग भरपूर येत होता, म्हणजे पेशी ठणठणीत. सगळं जुळत होतं.

मग एकदा ९६ वेलची प्लेट भरताना एका रांगेत पेशी घालायच्या राहून गेल्या. अर्क मात्र पडला, एमटीटीही पडलं. तीन तासांनी पाहते तर पेशी नसलेली ती रांगसुद्धा जांभळी!

माझ्या अर्कातली रसायनंच एमटीटीचं क्षपण करत होती. पेशी असोत वा नसोत, जांभळा रंग येणारच. मग दुसऱ्या पद्धतीने मोजलं तेव्हा कळलं की ज्या डोसला माझा आलेख सर्वांत सुंदर होता, त्या डोसला निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या होत्या. मेलेली पेशी आयकॅम-१ कुठून बनवणार?

माझ्या गाईड मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "या विषयाचा इतिहास वाच. रिव्ह्यूची प्रस्तावना नको, मुळातले पेपर वाच." मी वाचले. आज जे लिहितेय ते त्यातूनच आलंय. तुमच्यापैकी अनेक जण पेटची तयारी करत असतील, काहींनी विषय निवडलाही असेल. 'अमुक वनस्पतीचा दाहशामक परिणाम' हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय विषयांपैकी एक. त्यात उतरण्याआधी हा प्रश्न इथवर कसा आला, ते पाहून घ्या.

लाली कुठून येते?

दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवली: लाली, सूज, उष्णता आणि ठणका. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली अशा अवस्था सांगितल्या आहेत, आणि त्यानुसार शस्त्र कधी चालवायचं तेही. दोन्हीकडची निरीक्षणं बारीक आहेत. पण ही लाली आणि हा पू नेमका येतो कुठून, हा प्रश्न उघड्या डोळ्यांनी सुटणारा नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्को यांचा शब्द अखेरचा मानला जाई. पुवातल्या पेशी त्या जागच्या ऊतीतच तयार होतात, असं त्यांचं मत होतं. त्यांच्याच संस्थेत काम करणाऱ्या युलियस कोनहाइम या तरुणाने १८६७ साली याच्या उलट निष्कर्ष छापला, आणि तोही फिर्को यांच्याच मासिकात. त्याची रीत साधी होती. बेडकाला क्युरारे देऊन निश्चल करायचं, आतड्याचा पातळ पडदा बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा आणि तासन्‌तास पाहत बसायचं. त्याला दिसलं की आधी वाहिन्या रुंदावतात, मग प्रवाह मंदावतो, मग पांढऱ्या पेशी भिंतीच्या कडेला लागतात, तिला चिकटतात आणि शेवटी भिंतीतून बाहेर पडतात. पू रक्तातूनच येत होता.

कोनहाइमच्या आधीही काही जणांनी पांढऱ्या पेशी बाहेर पडताना पाहिल्या होत्या. लंडनच्या ऑगस्टस वॉलरने १८४६ मध्ये तसं लिहिलंही होतं. पण कोनहाइमने पुढचा प्रश्न विचारला: त्या चिकटतात का? त्याचं उत्तर असं, की रक्तात नव्हे तर वाहिनीच्या भिंतीत काहीतरी बदल होतो, रेणूंच्या पातळीवरचा, सूक्ष्मदर्शकात न दिसणारा. हा बदल कोणता, ते सांगायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. ते साधन यायला पुढे शंभरहून अधिक वर्षं गेली.

इथे क्षणभर थांबा. कोनहाइमने आपल्याच गुरूच्या मताविरुद्ध पुरावा दिला आणि तो गुरूच्याच मासिकात छापून आला. गाईडशी मतभेद झाला तर काय करायचं, असं मला ज्युनियर्स विचारतात. त्याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही: पुरावा आणा.

हातावर करून पाहा

दाह समजून घ्यायला त्वचा सर्वांत सोयीची, कारण तिथे सगळं दिसतं. लंडनच्या थॉमस लुइस यांनी याचा पुरेपूर उपयोग केला. १९२७ साली त्यांचं माणसाच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्यांवरचं मोठं पुस्तक आलं. त्यातला मुख्य प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. पट्टीची बोथट कड हाताच्या आतल्या बाजूवर जरा जोरात ओढा. थोड्याच वेळात तिथे लाल रेघ उमटते. काहींच्या हातावर रेघेभोवती पसरट लाली येते, आणि ज्यांची त्वचा जास्त संवेदनशील असते त्यांच्या रेघेवर फुगीर वळ उठतो. लाल रेघ म्हणजे तिथल्या वाहिन्या रुंदावणं, पसरट लाली म्हणजे चेतातंतूंमार्फत आजूबाजूच्या वाहिन्या रुंदावणं, आणि वळ म्हणजे वाहिनीतून द्रव बाहेर झिरपणं. दुखावलेली त्वचा हिस्टामिनसारखं काहीतरी रसायन सोडते, असा लुइस यांचा तर्क होता.

तरीही भिंतीच्या आतल्या अस्तराकडे कोणी फारसं लक्ष देत नव्हतं. या अस्तराला 'एंडोथेलियम' हे नाव विल्हेल्म हिस यांनी १८६५ मध्येच दिलं होतं. पण पुढची कित्येक दशकं त्याच्याकडे वेष्टनाच्या पातळ कागदासारखं पाहिलं गेलं: आहे, गुळगुळीत आहे, रक्त आत ठेवतं, बस्स. पेनिसिलिनवाले हॉवर्ड फ्लोरी यांनी १९६६ साली या जुन्या समजुतीची आठवण करून दिली, ती समजूत मोडू लागली होती म्हणूनच.

ती मोडण्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा वाटा मोठा. १९६१ मध्ये ग्विदो मायनो आणि जॉर्ज पॅलाडे यांनी उंदराला हिस्टामिन टोचलं आणि दाखवलं की गळती होते ती लहान शिरांमध्ये, आणि दोन अस्तरपेशींच्या मधल्या फटींतून. सर्वांत बारीक केशवाहिन्यांतून नव्हे. म्हणजे अस्तर नुसतं फाटत नाही. ठरावीक जागी, ठरावीक संदेश मिळाल्यावर उघडतं.

नाळ ते त्वचा

पेशी प्रतिसाद देतात हे सिद्ध करायचं तर त्या शरीराबाहेर वाढवायला हव्यात. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये एरिक जॅफी आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेतून कोलॅजेनेज वापरून अस्तरपेशी सोडवल्या आणि बशीत वाढवल्या. आजही प्रयोगशाळांमध्ये ज्यांना आपण 'हुवेक' म्हणतो त्या याच. या खरोखर अस्तराच्याच पेशी आहेत, याची खात्री त्यांनी रक्त गोठण्याशी संबंधित एका प्रथिनावरून केली, कारण ते प्रथिन तंतुपेशी बनवत नाहीत. आधी ओळख पटवायची, मगच निष्कर्ष काढायचे. ही सवय लावून घ्या.

१९८५ मध्ये बोस्टनमध्ये मायकेल बेव्हिलाक्वा, मायकेल गिमब्रोन आणि सहकाऱ्यांनी बशीतल्या अस्तरपेशींना इंटरल्युकिन-१ दिलं आणि पांढऱ्या पेशी त्यांना जास्त चिकटू लागल्या. कोनहाइमच्या 'भिंतीतल्या बदला'चा हा थेट पुरावा होता. मग तो बदल म्हणजे कोणते रेणू, तेही कळत गेलं. १९८६ मध्ये टिमथी स्प्रिंगर यांच्या गटाने आयकॅम-१ ओळखलं. ई-सिलेक्टिन सापडलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रम स्पष्ट झाला: सिलेक्टिनमुळे पांढरी पेशी भिंतीवरून गडगडत मंदावते, आयकॅम-१ सारख्या रेणूंमुळे घट्ट थांबते आणि मग फटीतून पलीकडे जाते. मंदावणं, चिकटणं, बाहेर पडणं. कोनहाइमने बेडकात पाहिलेलाच क्रम, आता रेणूंच्या नावांसकट.

पण नाळेची शीर मोठी असते, आणि दाह घडतो तो लहान शिरांमध्ये. शिवाय प्रत्येक अवयवाच्या वाहिन्या सारख्या नसतात. १९९१ मध्ये यूजीन बुचर यांच्या गटाने दाखवलं की त्वचेकडे जाणाऱ्या टी-पेशी ई-सिलेक्टिनला धरतात. म्हणजे त्वचेच्या वाहिन्यांवर जणू पत्ता लिहिलेला असतो. सोरायसिस किंवा त्वचेच्या इतर दाहांबद्दल बोलायचं, तर पेशीही त्वचेच्याच हव्यात.

त्या मिळवण्याची वाट १९८० मध्ये मार्विन कॅरासेक यांच्या गटाने दाखवली. अमेरिकेत नवजात मुलग्यांची सुंता मोठ्या प्रमाणावर होते. त्यात काढलेल्या त्वचेच्या तुकड्यांमधून त्यांनी सूक्ष्म वाहिन्यांच्या पेशी वेगळ्या करून वाढवल्या. अडचण एकच: आठ-दहा पॅसेजनंतर या पेशी म्हाताऱ्या होतात. १९९२ साली अटलांटामधल्या एडविन एड्स, थॉमस लॉली आणि सहकाऱ्यांनी या पेशींमध्ये एसव्ही-४० विषाणूचं एक जनुक घातलं आणि 'एचमेक-१' ही सेल लाईन तयार केली. पेपर लिहीपर्यंत ती ९५ पॅसेज चालली होती आणि थकली नव्हती.

मी वापरते त्या पेशी याच. सोयीच्या आहेत, स्वस्त पडतात, दर महिन्याला नव्या मागवाव्या लागत नाहीत. पण त्यांची पेशीविभाजनाची यंत्रणा विषाणूच्या प्रथिनाने बदललेली आहे, आणि अशा अमर केलेल्या पेशी मूळ पेशींचे काही गुण हरवून बसतात. म्हणून महत्त्वाचा निष्कर्ष मूळ पेशींवर पुन्हा तपासावा लागतो. आणखी एक गोष्ट. फ्रीजरमधून ट्यूब काढताना मला हल्ली आठवतं की हे कधीतरी कुणाच्या तरी बाळाचं अंग होतं. त्याची आठवण ठेवून काम केलं तर निदान पेशी निष्काळजीपणे फुकट जात नाहीत.

वनस्पती या गोष्टीत कशा आल्या?

त्यांची वाट वेगळी होती. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की विलो झाडाची वाळवलेली साल थंडीतापावर गुणकारी आहे. त्याने ती सुमारे पन्नास लोकांना दिली होती. १८२८ मध्ये म्युनिकच्या बुखनर यांनी सालीतून सॅलिसिन वेगळं केलं. १८७६ मध्ये डंडीच्या टॉमस मॅक्लागन यांनी संधिवाताच्या तापात सॅलिसिन वापरून त्याचे निकाल 'लॅन्सेट'मध्ये छापले. १८९९ मध्ये 'अ‍ॅस्पिरिन' बाजारात आलं. ते नेमकं करतं काय, हे मात्र १९७१ मध्ये कळलं, जेव्हा जॉन व्हेन यांनी ते प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतं असं दाखवलं. औषध आधी, कारण नंतर. मधे पाऊणशे वर्षं.

एक कोडं तरीही उरलंच. नुसतं सॅलिसिलेट प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराला बशीत फारसं अडवत नाही. तरीही रुग्णांमध्ये दाह कमी करतं. कसं?

दुसऱ्या टोकाला १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना बी-पेशींच्या केंद्रकात डीएनएच्या एका तुकड्याला धरणारं प्रथिन सापडलं: एनएफ-कप्पा-बी. पुढे कळलं की ते जवळपास सगळ्याच पेशींत असतं, आणि अस्तरपेशींत आयकॅम-१ आणि ई-सिलेक्टिनची जनुकं चालू करण्यात त्याचा हात असतो. १९९४ मध्ये एलिझाबेथ कॉप आणि शंकर घोष यांनी दाखवलं की सॅलिसिलेट आणि अ‍ॅस्पिरिन एनएफ-कप्पा-बी सुरू होऊ देत नाहीत. १९९६ पर्यंत अस्तरपेशींवरही हे दाखवून झालं: चिकट रेणू कमी, पांढऱ्या पेशींचं बाहेर पडणं कमी.

दोन्ही वाटा इथे मिळाल्या. झाडाचं रसायन, अस्तराची पेशी आणि दोघांमधला एक ठळक स्विच. इथूनच आपल्या विषयाचा साचा ठरला: पेशींना टीएनएफ द्या, झाडाचं रसायन द्या, आयकॅम-१ आणि एनएफ-कप्पा-बी मोजा.

पण या पहिल्याच पेपरात एक इशारा होता. परिणाम दिसायला सॅलिसिलेटचं प्रमाण पाच मिलिमोलर आणि त्याहून वर लागलं. संधिवाताच्या रुग्णाला भरपूर मात्रा दिली तरी रक्तात ते साधारण एक ते तीन मिलिमोलर असतं. पुढच्याच वर्षी त्याच मासिकात या परिणामावर शंका घेणारं पत्र छापून आलं. साचा सगळ्यांनी उचलला, इशारा थोड्यांनी.

१९९५ : हळदीचं वर्ष

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट मिळालं. १९९६ मध्ये आपल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. घरोघरी काय करतात, याला पेटंट कार्यालयात किंमत नव्हती. छापील पुरावा हवा होता. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय लेख पुढे ठेवला गेला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. या लढ्याला 'हळदीघाटाची लढाई' म्हटलं गेलं, ते तुम्ही ऐकलं असेल.

त्याच १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतच संजय सिंग आणि भरत अग्रवाल यांचा पेपर आला: हळदीतलं कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बीला सुरू होऊ देत नाही. १९९८ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की कर्क्युमिन दिल्यावर मोनोसाइट पेशी अस्तरपेशींना कमी चिकटतात.

एकाच वर्षात हळदीला दोन परीक्षा द्याव्या लागल्या. पेटंट कार्यालयाचा प्रश्न होता, हे आधी लिहून ठेवलंय का? प्रयोगशाळेचा प्रश्न होता, हे कोणत्या रेणूवर चालतं? दोन्ही उत्तरं हळदीच्या बाजूने आली, आणि आपल्यापैकी अनेकांनी त्यातून तिसरंच उत्तर काढलं: म्हणजे हळद माणसाच्या दाहावर चालते. हा तिसरा प्रश्न दोन्हीकडे कुणी विचारलाच नव्हता.

तो विचारल्यावर काय झालं? १९९७ मध्ये कळलं की सीरम नसलेल्या माध्यमात, शरीराच्या तापमानाला, कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. म्हणजे २४ तासांच्या प्रयोगात पेशींनी नेमकं काय अनुभवलं, हाच प्रश्न. २००६ मध्ये २४ निरोगी स्वयंसेवकांवर एक अभ्यास आला: आठ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन एकदम घेऊनही रक्तात ते सापडलं नाही; दहा आणि बारा ग्रॅम घेतलेल्या दोघांत थोडंसं सापडलं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने सगळा पुरावा तपासून लिहिलं की कर्क्युमिन अस्थिर आहे, चाचण्यांमध्ये खोटे होकार देण्याची त्याची खोड आहे, आणि एकाही दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित चाचणीत ते यशस्वी ठरलेलं नाही. या निष्कर्षावर वाद झाला, तो अजून संपलेला नाही. मधल्या काळात अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेचे अनेक पेपर मासिकांनी मागे घेतले. तेव्हा कुठलाही पेपर आपल्या सिनॉप्सिसमध्ये घालण्याआधी तो मागे घेतलेला नाही ना, हे मासिकाच्या पानावर जाऊन पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

सालईचा डिंक

हळदीपेक्षा मला जास्त शिकवलं ते सालईने. सातपुड्यात आणि विदर्भात कोरड्या टेकड्यांवर दिसणारं, कागदासारखी साल निघणारं हे झाड. शास्त्रीय नाव बॉस्वेलिया सेराटा, संस्कृतात शल्लकी. याचा डिंक आपण धूप म्हणून जाळतो.

१९८६ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या सिंग आणि अटल यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून त्याचा दाहशामक गुण मांडला. १९९२ मध्ये जर्मनीत ट्युबिंगेनला हर्मन अमॉन यांच्या गटाने दाखवलं की त्यातली बॉस्वेलिक आम्लं ल्युकोट्राईन बनवणाऱ्या विकराला अडवतात. २००५ मध्ये अमेरिकेत सश्वती रॉय, चंदन सेन आणि सहकाऱ्यांनी हा डिंक थेट आपल्या विषयात आणला: सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना टीएनएफ दिल्यावर ५२२ जनुकं वर गेली, आणि त्यांतली ११३ सालईच्या अर्काने प्रभावित झाली. एकाच रेणूऐवजी सगळं जनुकसंचच पाहायचं, हा त्यातला नवा भाग.

आणि माणसांमध्ये? १९९८ च्या एका जर्मन चाचणीत सांध्यांच्या आमवातात सालईच्या अर्काचा मोजण्याजोगा फायदा दिसला नाही. २००३ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांवर प्लासिबो-नियंत्रित चाचणी केली, तिच्यात वेदना आणि सूज कमी झाल्याचं दिसलं. दोन्ही चाचण्या लहान, दोन्ही आजार वेगळे. 'सालई दाहावर चालते' किंवा 'चालत नाही' अशी एका ओळीची उत्तरं इथे नाहीत. 'कुठल्या दाहावर, किती मात्रेत, कुणाच्या तुलनेत' हे विचारल्याशिवाय वाक्य पूर्णच होत नाही.

माझ्या रिकाम्या रांगेची आठवण करून देणारा पेपर आला २०१२ मध्ये. ऑलिव्हर वेर्झ यांच्या गटाने दाखवलं की बॉस्वेलिक आम्लं जिवाणूंच्या एलपीएस या रेणूलाच थेट धरतात आणि निकामी करतात. विचार करा. एलपीएस देऊन पेशी चिडवायच्या, बॉस्वेलिक आम्ल द्यायचं, दाह कमी झाला की लिहायचं 'पेशीतला मार्ग अडला'. पण पेशीपर्यंत चिथावणी पोचलीच नव्हती! हे वाचून मला जरा धीर आला. फसणारी मी एकटी नव्हते.

मग करायचं काय?

या सगळ्यातून मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत.

पेशी नसलेला कंट्रोल प्रत्येक प्लेटमध्ये ठेवायचा. एमटीटीची पद्धत १९८३ ची, टिम मॉसमन यांची. ती चांगलीच आहे, पण रंगीत आणि क्षपण करणाऱ्या अर्कांसाठी एकटी पुरेशी नाही. पेशी जिवंत आहेत का, ते दोन वेगळ्या तत्त्वांवरच्या पद्धतींनी पाहायचं.

चिथावणी दोन प्रकारची द्यायची: टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१. फक्त एलपीएसवर विसंबायचं नाही. अर्क देऊन, पेशी धुऊन, मग चिथावणी द्यायची, असा एक गट हवाच. आणि झाडाच्या अर्कात आधीच एलपीएस मिसळलेलं नाही ना, तेही तपासायचं. माती लागलेल्या मुळांत ते असणारच.

डोस ठरवताना आधी विचारायचं: पोटात घेतल्यावर रक्तात एवढं पोचतं का? पोचत नसेल तर मलम म्हणून त्वचेवर लावता येईल का? त्वचेच्या वाहिन्यांवर काम करण्याचा हा एक फायदा आहे, तिथे बाहेरून जाता येतं. पण मग त्वचेच्या थरातून ते रसायन वाहिनीपर्यंत जातं, हे वेगळं दाखवावं लागेल.

आणि शेवटचं: आपल्या बशीने जेवढ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तेवढंच लिहायचं. अस्तरपेशीत आयकॅम-१ कमी झालं तर 'आयकॅम-१ कमी झालं' असं लिहायचं. 'सोरायसिसवर उपाय' असं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं केल्यावर माझ्या अर्काचं काय झालं? सगळे प्रयोग पुन्हा केले, पेशी मरत नाहीत अशा कमी डोसवर. आयकॅम-१ अजूनही कमी होतं, पण थोडंच, साधारण पाचवा हिस्सा. तीन वेगवेगळ्या वेळी केलं, तिन्ही वेळा तेवढंच. आलेख आता देखणा नाही. प्रगती अहवालाच्या सादरीकरणात तो दाखवला तेव्हा समितीतल्या एका सरांनी विचारलं, "एवढाच परिणाम?" मी म्हटलं, "हो सर, एवढाच. पण पेशी जिवंत आहेत."

आता हेच मूळ पेशींवर करायचंय. नव्या पेशी पुढच्या महिन्यात येतील. काय दिसतं ते, चांगलं किंवा वाईट, इथेच लिहीन. तुमच्या कुणाच्या रिकाम्या रांगेने काही शिकवलं असेल तर तुम्हीही कळवा.